केतकीचं मीठ

फोन आला तेव्हा केतकीचीच प्लेट माझ्या हातात होती. प्लेट म्हणजे जेवायची नव्हे. मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रुग्णांचा कफ, पू, लघवी असलं सगळं आमच्याकडे येतं. ते आम्ही झाकणाच्या चपट्या बशीत, जेलीसारख्या थरावर पसरतो आणि उबेला ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी त्यावर जे उगवलेलं असतं ते रुग्णाचे जंतू. आदल्या दिवशी मी माझ्या भाचीचा कफ असाच पसरून ठेवला होता. शिपाई दारातून म्हणाला, "मॅडम, मीरा रोडवरून फोन आहे." दादा होता. माझा थोरला भाऊ, केतकीचा बाबा. एवढंच म्हणाला, "ये आता." मी "हो" म्हणाले, फोन ठेवला आणि परत टेबलाशी येऊन बसले. प्लेट उघडीच राहिली होती. जंतू झकास वाढले होते, ओले, चकचकीत, एकमेकांना चिकटून. ते जिवंत होते आणि ती नव्हती... मी झाकण लावलं, कारण झाकण लावायचं असतं. लॅबमधून घरापर्यंत कशी पोचले ते मला आजही आठवत नाही.

याला आता दोन महिने होत आले. केतकी चौदा वर्षांची होती. हे तिने ऐकलं असतं तर लगेच म्हणाली असती, "चौदा पूर्ण, आत्या. पंधरावं चालू." तिला वयातला एक दिवसही कमी केलेला चालायचा नाही. तिला "बिचारी" म्हटलेलंही चालायचं नाही. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात तिच्या डोक्यावरून हात फिरवत तो शब्द उच्चारला, तर ही म्हणाली, "काकू, तुमचा गुडघा कसा आहे? बिचारा!" मी मागेच उभी होते. तिला दटावायला हवं होतं. मी हसले.

ती जन्मल्यापासून खोकायची. दादा तेव्हा आमच्या गिरगावातल्या चाळीत, आईबरोबर नि माझ्याबरोबर राहत होता. पोरीचा खोकला हटेना, अंग धरेना, खाल्लेलं पचेना. डॉक्टर म्हणाले, बालदमा आहे, मोकळी हवा द्या. दादाने ते मनावर घेतलं आणि ती चार वर्षांची असताना तिघं मीरा रोडला राहायला गेली. सिल्व्हर पार्क हे नाव तेव्हा नवंनवं ऐकू येत होतं. बिल्डिंगच्या एका अंगाला दलदल, दुसऱ्या अंगाला अर्ध्या उभ्या राहिलेल्या बिल्डिंगा, आणि गच्चीवर गेलं की लांब भाईंदरच्या बाजूला मिठागरातले पांढरे ढीग. हवा मात्र खरोखरच मोकळी होती. वहिनी म्हणायची, "इथे वारा एवढा आहे की कपडे वाळत घातले की नालासोपाऱ्याला जाऊन शोधावे लागतात." आई गेल्यावर मीही तिकडेच, बेव्हर्ली पार्कात एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. भावाच्या शेपटाला धरून बहीण, असं आमचे नातेवाईक म्हणाले. म्हणू देत.

त्या मोकळ्या हवेनेच आम्हाला फसवलं. फसवलं तरी कसं म्हणू, आम्हीच फसलो. वहिनी पोरीचा पापा घ्यायची तेव्हा तिच्या ओठांना खारट लागायचं. उन्हातून खेळून आली की केतकीच्या कपाळावर, कानामागे पांढरं पीठ धरलेलं असायचं, बोटाने पुसलं तर कणकण लागावेत असं. गिरगावात होती तेव्हाही लागत असणार, पण चाळीत एका खोलीत आम्ही सगळेच घामाने निथळत असू, कोण लक्ष देतंय! मीरा रोडला आल्यावर ते दिसलं आणि दिसताक्षणी त्याचं उत्तरही समोर दिसलं... मिठागरं! भाईंदर गावातून मासे घेऊन येणाऱ्या लक्ष्मीबाईला वहिनीने विचारलं, तर तिने टोपली उतरवता उतरवता निकाल दिला, "काय न्हाय, मिठागराचा वारा हाय. आमचीबी पोरा चाटली त खारीच लागतान." झालं. सगळ्यांना पटलं. मला, रोज जंतू बघणाऱ्या बाईलाही पटलं. पुढे तर ती घरातली थट्टाच झाली. दादा ऑफिसातून आला की तिचा पापा घेऊन वहिनीला सांगायचा, "आज आमटीत मीठ कमी असलं तरी चालेल." वहिनी तिची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घ्यायची तर केतकी गाल पुढे करायची, "मीठ इथलंच घे ना."

आणि तिला मीठ हवंही असायचं. कैरीला, पेरूला लावून तर सगळीच मुलं खातात, ही नुसतं खायची. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं की समजावं, केतकीच्या तळहातावर चिमूट आहे आणि मांजरीसारखी चाटतेय. वहिनी ओरडायची. आता कळतं, ते शरीराचं मागणं होतं. घामावाटे मीठ वाहून जात होतं आणि ती ते बिचारी... नाही, हा शब्द नको. ती ते आपलं आपण भरून काढत होती.

मध्ये टीबी समजून औषधं झाली. ती थांबली, पुन्हा बालदमा झाला. सोसायटीत प्रत्येकाच्या खिशात एक उपाय तयार असायचा. कुणी आल्याचा रस सांगे, कुणी डोंगरीच्या बाजूला कोण वैद्य आहे त्याचा पत्ता देई, कुणी म्हणे उंबरठ्याची दिशा चुकलीय. मी फाटक्या तोंडाची आहे. एकदा एका गृहस्थांना म्हटलं, "काका, उंबरठा फिरवतो, पण तोवर तिच्याजागी तुम्ही खोकता का?" दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. ते काका सोसायटीचे सेक्रेटरी होते.

केतकी आठ वर्षांची असताना न्यूमोनियाने तिला माझ्याच हॉस्पिटलात आणावं लागलं. तिथे मुलांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टर होते, नुकतेच शिकून आलेले, केस विंचरायला वेळ नसलेले. त्यांनी तिच्या बोटांची फुगीर टोकं बघितली, छातीचे फोटो बघितले आणि एकदम वहिनीला विचारलं, "हिचा पापा घेतला तर खारट लागतो का हो?" वहिनी हसली. तिला वाटलं, पोरीला खुलवायला विचारतायत. म्हणाली, "डॉक्टर, आमच्या मीरा रोडला सगळेच खारट लागतात. मिठागरं आहेत ना!" डॉक्टरही हसले. मग हसायचे थांबले. जपून, शब्द निवडत विचारलं, "सगळे म्हणजे? दुसऱ्या कुणाच्या मुलांचं बघितलंय तुम्ही?"

नव्हतं बघितलं. कोण बघेल?

त्या दिवशी मी वहिनीला घेऊन घरी आले. दादा वॉर्डात थांबला होता. बिल्डिंगच्या आवारात संध्याकाळची मुलं खेळत होती. वहिनी वर गेलीच नाही. चप्पल घासत सरळ त्या मुलांत गेली आणि खाली बसून एकेकाला जवळ ओढायला लागली. तळमजल्यावरच्या नीताबेनचा हितेश, शेजारच्या खानसाहेबांची धाकटी, वरच्या काकूंचा नातू... घामाने डबडबलेली पोरं. ती एकेकाच्या गालाचा, कपाळाचा पापा घेत होती आणि ओठांवरून जीभ फिरवत होती. मुलं खिदळत होती. त्यांना वाटलं आंटी खेळतायत, तर काही आपणहून रांगेत येऊन उभी राहिली. नीताबेन खिडकीतून म्हणाल्या, "शुं थयुं भाभी, आज बहुत प्यार आ रहा है?" वहिनी पुढच्या मुलाकडे वळली. शेवटच्या मुलाला सोडून ती माझ्याकडे आली, आणि लहान मुलीने पेपर अवघड गेल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "एकही खारट नाही गं, वन्सं. एकही नाही."

मी पुष्कळ रडणी ऐकली आहेत, हॉस्पिटलात काम करते. पण ते वाक्य मला अजून झोपेतून उठवतं.

मग घामाची तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं, सिस्टिक फायब्रोसिस. डॉक्टर म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय हा गोऱ्या मुलांचा आजार. आपल्याकडे नसतोच असं समजतात, म्हणून कोणी शोधत नाही." जन्मजात दोष. शरीरातल्या पेशींमध्ये मीठ आत-बाहेर करणारं एक दार असतं, ते हिचं बिघडलेलं. त्यामुळे घामात मीठ जास्त आणि छातीतला कफ मात्र पाण्यावाचून डिंकासारखा घट्ट. तुमच्या-माझ्या छातीत जंतू गेले तर पातळ कफाबरोबर बाहेर येतात. हिच्या छातीत गेले की रुतून बसतात. औषध? दार दुरुस्त करणारं काही नाही. कफ काढत राहायचं, जंतूंना औषधं देत राहायची. "आणि मीठ खाऊ द्या तिला, हवं तेवढं," ते म्हणाले. केतकीने एवढ्या सगळ्यातून तेवढंच ऐकलं आणि आईकडे विजयी नजरेने बघितलं.

कफ काढायचं काम दादाने घेतलं. सकाळी उठल्याबरोबर केतकीने उशीवर ओणवं पडायचं आणि त्याने ओंजळीसारखा खोलगट केलेला हात तिच्या पाठीवर थापटायचा. आधी डावीकडे खाली, मग उजवीकडे, मग खांद्यांजवळ. हात सपाट पडला तर पोरीला लागतं, खोलगट पडला तर नुसता पोकळ आवाज येतो, थप् थप् थप् थप्. दादा बँकेतला माणूस, हातात कधी हातोडी धरली नाही, पण हे इतकं सुरेख शिकला की हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी दुसऱ्या आईबापांना दाखवायला त्याला बोलावून घेतलं. पाठीचा एकेक भाग झाला की थांबायचा आणि म्हणायचा, "हं... आता खोक." ती खोकायची. सुरुवातीला नीताबेननी वहिनीला जिन्यात गाठून विचारलं होतं, "भाभी, आप लोग रोज रोज सुबह रोटला खाते हो?" रोटला म्हणजे बाजरीची भाकरी. त्यांना वाटलं होतं वर भाकऱ्या थापतायत. खरं कळल्यावर त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मग एरवीच्या आवाजात म्हणाल्या, "चलो, मेरे को अलार्म नहीं लगाना पड़ता." खरंच, पुढची सहा वर्षं त्यांच्या घरची सकाळ त्या थापटण्यावर सुरू झाली.

आता जंतूंबद्दल सांगते. तिच्याबद्दल लिहायचं आणि त्यांच्याबद्दल नाही, हे शक्य नाही. ती नऊ वर्षांची असताना ते पहिल्यांदा माझ्या प्लेटवर आले. सुडोमोनस नावाचे जंतू. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात, नळाच्या तोंडाशी, कुठेही असतात, तुमच्या घरीही आहेत. धडधाकट माणसाला काही करत नाहीत. प्लेटवर चपटे, पसरट उगवतात, हिरवट रंग सोडतात आणि त्यांना पिकलेल्या द्राक्षांसारखा गोड वास येतो. पाण्याच्या थेंबात भिंगाखाली ठेवले की एक बारीक शेपूट हलवत सुळसुळ पळतात. कुठलं औषध चालेल हे बघायला आम्ही दुसऱ्या प्लेटवर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवतो. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल रिंगण राहतं. रिंगण जेवढं मोठं तेवढी आशा मोठी. पहिल्या वेळी केतकीची रिंगणं एवढी मोठी होती की एकमेकांत मिसळली होती. मी नाचतच घरी गेले.

त्याच वेळी तिने मला बांधून घेतलं. घरात सगळे तिच्यासमोर एक बोलायचे आणि स्वयंपाकघरात कुजबुजत दुसरंच. तिला ते कळायचं. मला बाल्कनीत नेऊन म्हणाली, "आत्या, हे मला खोटं सांगतात. आईबाबा सांगू देत, त्यांना रडू येतं. तू मला खोटं सांगायचं नाहीस. प्लेटवर जे असेल तेच सांगायचं." मी म्हटलं, "आणि वाईट असलं तर?" म्हणाली, "छाती माझीये ना? मग?" मी कबूल केलं. त्यानंतर माझ्या पर्समधून तिच्या कफाची बाटली लॅबमध्ये जायची आणि दोन दिवसांनी मी घरी आले की ती पहिला प्रश्न विचारायची, "काय म्हणतायत भाडेकरू? रिंगणं केवढी आहेत?" मी बोटांनी आकार दाखवायचे. वहिनीला हा प्रकार बिलकुल आवडायचा नाही. पण औषधं मुकाट्याने घेणारी, सुया टोचून घेताना छताकडे बघत पाढे म्हणणारी ती पोर त्या एका खरेपणावर उभी होती, आणि ते हळूहळू वहिनीलाही दिसलं.

ती आजारी होती तेवढीच होती असं मात्र कुणी समजू नये. ती महाबिलंदर होती. पळता येत नाही म्हणून तिने कॅरम धरला. पण बोर्डावर टाकायच्या पावडरीने तिला खोकला यायचा, म्हणून आमच्याकडे कॅरम बिनपावडरीचा. सोंगट्या अशा अडायच्या की बाहेरून आलेला खेळाडू चक्रावून जायचा. ही त्या अडत्या बोर्डावर शिकली. कुठे किती जोर, कुठे नुसता धक्का, तिला बरोबर ठाऊक. सोसायटीतले कॉलेजात जाणारे मुलगे हरून उठायचे आणि म्हणायचे, "ए, पावडर डाल ना थोडा!" ही तोंडावर रुमाल धरून म्हणायची, "माझ्या घरात माझा बोर्ड."

तिच्या बाराव्या वर्षाच्या सुमाराला प्लेटवरचं चित्र बदलायला लागलं. मधल्या काळात जंतू दोनदा औषधांनी गेले होते, पुन्हा आले होते, आणि आता जायचं नावच घेत नव्हते. एके सकाळी झाकण उघडलं तर चपट्या, हिरवट ठिपक्यांमध्ये काही गोल, ओले, फुगीर थेंब. शिजलेल्या साबुदाण्यासारखे. पुढच्या खेपेला ते वाढले, त्याच्या पुढच्या खेपेला सगळी प्लेट साबुदाणा. आमच्या मोठ्या मॅडमनी बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या कधी हात ठेवत नाहीत.

केतकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला बघायचेत." मॅडमना विचारलं. एका रविवारी, लॅब रिकामी असताना, तोंडाला मास्क बांधून मी तिला घेऊन गेले. तिच्यापुढे जपून ठेवलेली जुनी नळी काढून तिचेच आधीचे जंतू दाखवले आणि शेजारी आत्ताचे. ती स्टूलवर बसून खूप वेळ बघत राहिली. भिंगातूनही बघितलं. म्हणाली, "हे पळत नाहीत." मी सांगितलं, "शेपूट टाकून दिली त्यांनी. तुझ्या छातीत पळून कुठे जाणार? कफात रुतून राहायचंय, शेपूट कशाला सांभाळायची? त्याऐवजी अंगाभोवती हा बुळबुळीत थर केला. औषध त्यातून धड आत जात नाही, शरीराचे शिपाईही आत शिरू शकत नाहीत. काही जण तर स्वतःचं अन्न करायचंही विसरलेत. तुझ्याकडे आयतं मिळतं ना." मी हे असं बोलत होते, तिला समजावून देत... आणि मला एकदम वाटलं, मी काय सांगतेय आणि कुणाला! पण ती गुंगून गेली होती. म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच. आपण पण आल्या आल्या बाल्कनी बंद केली, ग्रिल लावलं, पाण्याचे ड्रम भरून ठेवले. परत जायचंच नव्हतं ना." मग प्लेटवरची नजर न काढता म्हणाली, "आत्या, हे मला मारायला आलेच नाहीयेत गं. हे राहायला आलेत."

मी खिडकीकडे गेले. उन्हाचं निमित्त करून पडदा ओढत राहिले.

त्यानंतरची दोन वर्षं रिंगणं लहान होत गेली. मी बोटं जवळजवळ आणत गेले. शाळा सुटली, मग आवारात उतरणं सुटलं, मग ऑक्सिजनचा सिलिंडर घरात आला आणि कॅरमचा बोर्ड त्याच्या पायथ्याशी उभा राहिला. या जानेवारीत तो दिवस आला. मी प्लेट उजेडात धरली. चकत्यांच्या अगदी काठापर्यंत साबुदाणा चढला होता. मी दुसऱ्यांदा लावून बघितलं, दुसऱ्या चकत्या आणवून बघितलं. घरी गेले तेव्हा ती तीन उश्यांना टेकून बसली होती. दादा नि वहिनी आत होते. तिने भुवया उचलल्या, बोलायला आता दम पुरायचा नाही. मी बोटं वर केली नाहीत. म्हटलं, "एकही नाही, केतू."

ती रडली नाही. खिडकीबाहेर बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मी गेले... की ते कुठे जाणार?"

आयुष्यात मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खोटं सांगायचं नाही असं कबूल केलं होतं. म्हटलं, "कुठे नाही. त्यांना आता दुसरीकडे जमायचं नाही. तुझ्यात राहायचं तेवढं शिकलेत ते." तिने यावर विचार केला. आणि मग तिचं ते बिलंदर हसू, अर्धं मास्कच्या आत. "एवढं शिकले... आणि घरच पाडलं? मूर्खच आहेत." हसताना तिला ढास लागली. दादा धावत आला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काय सांगितलंस तिला?" तीच मान हलवून म्हणाली, "खरं."

फेब्रुवारीत एका सकाळी ती गेली. तिची पाठ थापटायची वेळ होती. दादाने डावी बाजू केली, उजवी केली, खांद्यांशी आला आणि म्हणाला, "हं... आता खोक." ती खोकली नाही. त्याने पुन्हा म्हटलं. वहिनी सांगते, तो बराच वेळ म्हणत होता.

स्टेशनबाहेर तेव्हा द्राक्षांच्या गाड्या लागल्या होत्या. मी दुपट्टा नाकाशी धरून त्यांच्यासमोरून जायचे. अजूनही द्राक्षं घरात आणलेली नाहीत.

त्या दिवशी माझ्या हातात असलेल्या प्लेटवरून मॅडमनी एक थेंब नळीत घेऊन ठेवला होता. विद्यार्थ्यांना दाखवायला असे वेगळे जंतू आम्ही जपतो. नळीतलं अन्न संपत आलं की नव्या नळीत थोडे हलवायचे, नाहीतर मरतात. ते काम मी मागून घेतलं. वेड्यासारखं वाटेल, पण तिच्या आतलं, तिच्या श्वासावर वाढलेलं जिवंत असं जगात तेवढंच उरलं होतं. मी त्यांचा राग करू शकले नाही. फ्रीज उघडला की आधी ती नळी बघायचे. गेल्या आठवड्यात नव्या नळीत घालण्याआधी प्लेटवर पसरून पाहिले, तर साबुदाणा नव्हता. चपटे, कोरडे, पसरट ठिपके, पहिल्या वर्षी होते तसे. मी मॅडमना बोलावलं. त्या म्हणाल्या, "होतं असं. इथे छाती नाही, कफ नाही, औषधं नाहीत. मग तो थर कशाला सांभाळतील? टाकून देतात." मला हे पुस्तकातून माहीत होतं. तरी मी तिथे उभी राहून ढसाढसा रडले. पाच वर्षं लागली त्यांना तिला शिकायला, आणि दोन महिन्यांत विसरले. तुला खोटं सांगायचं नाही असं ठरलं होतं ना... तर केतू, हे असं आहे. दुसरीकडे जमायचं नाही म्हटलं होतं मी. जमतंय त्यांना.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी सिल्व्हर पार्कात गेले. जिन्यात नीताबेन भेटल्या, डोळे सुजलेले, हातात दुधाची पिशवी. म्हणाल्या, "दीदी, आजकल सुबह का पता ही नहीं चलता. हितेश का स्कूल दो बार मिस हुआ." आणि घाईने दार लावून घेतलं. वर वहिनी चहा टाकत होती. दादा सोफ्यावर पेपर घेऊन बसला होता, पण पेपर मांडीवर पडला होता. त्याचा उजवा हात सोफ्याच्या हातावर हलत होता. बोटं जुळलेली, तळवा खोलगट. आवाज येत नव्हता इतकं हलकं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत म्हणाली, "रोज या वेळेला... यांना कळतही नाही."

मी पर्स ठेवली. कोपऱ्यातली ती जुनी उशी घेतली, दादाच्या पायाशी सतरंजीवर टाकली आणि तिच्यावर ओणवी पडले. दादा दचकला. म्हणाला, "काय गं, हे काय?" मी म्हटलं, "छाती भरलीय. जरा थापट." छातीत काही नव्हतं. त्यालाही ते माहीत होतं. मांडीवरचा पेपर त्याने बाजूला ठेवला. मग पाठीवर, डावीकडे खाली, त्याचा हात पडला. खोलगट, बरोबर. थप् थप् थप् थप्. वहिनीने गॅस बंद केला. खाली कुठेतरी नीताबेनच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला. डावी बाजू झाली, उजवी झाली, तो खांद्यांशी आला. हात थांबला.

"हं..." दादा म्हणाला, "आता खोक."

मी खोकले.